साहेबांसमोर तक्रार नाही

माझा धाकटा भाऊ शुगरचा पेशंट, अन् त्यात कच्चा कैदी. गाडी लावण्यावरून गल्लीत मारामारी झाली, शेजाऱ्याचं डोकं फुटलं, हा आत गेला. खटला उभा राहायचा पत्ताच नव्हता. तिथं त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. जेलच्या दवाखान्यानं औषध काय दिलं, तर ॲसिडिटीची गोळी. वा रे डॉक्टरी! मुलाखतीला गेले तर जाळीतूनही वास येत होता. मी शहरातल्या राइट टाउन भागात वकील गाठला, कोर्टात याचिका टाकली. भावाला मोठ्या हॉस्पिटलात न्या, त्याचा पाय वाचवा, एवढंच मागणं होतं.

याचिका लागली तसा भाऊ जेलवाल्यांचा एकदम लाडका झाला. तारखेच्या आदल्या दिवशी त्याला बाहेरच्या दवाखान्यात नेलं, पट्टी बदलली, परत आणलं. संध्याकाळी जेलचे मोठे साहेब स्वतः बराकीत आले. "क्यों भाई, कोई तकलीफ?"

आता आमची ही हिंदी मुलखातली, सरकारी फॅक्टरीच्या नोकरीवर जगलेली मराठी घरं! साहेबानं विचारलं की एकच उत्तर तोंडपाठ. वडील अंगात ताप घेऊन ड्यूटीवर जायचे अन् हेच सांगायचे. भाऊ त्या कुजक्या पायावर ताठ उभा राहिला अन् म्हणाला, "नहीं साहब, सब बढ़िया." त्यांनी तेच लिहून घेतलं, वर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलानं ते मोठ्या थाटात वाचलं. उपचार सुरू आहेत, कैद्याचीच तक्रार नाही, तेव्हा याचिकेत आता काही उरलेलं नाही, असं म्हणून कोर्टानं ती फेटाळली. गरज पडली तर पुन्हा या म्हणे! अहो, पायात काय उरलं ते कोणी पाहिलं? बाहेर आल्यावर आमचे वकीलसाहेब मलाच समजावू लागले, "दीदी, ऑर्डर बुरा नहीं है, दोबारा आने की लिबर्टी मिली है." लिबर्टी! डोंबल तुमचं!

पुढच्या मुलाखतीत मी भावावर तुटून पडले. "भैताडा, बोलला काहून नाही तू?"

"ताई, एवढे मोठे साहेब स्वतः विचारून राहिले होते. त्यांच्यासमोर रडगाणं गाऊ का?"

असा संताप आला, वाटलं जाळी तोडून याच्या थोबाडीत द्यावी. अन् तिथंच मला रडू फुटलं. मागं उभा असलेला शिपाई खुशाल तंबाखू मळत होता.

नवी याचिका टाकेपर्यंत पाय काळा पडला. मग काय विचारता, गाडी आली, मोठं हॉस्पिटल मिळालं, सर्जनही मिळाला. गुडघ्याखालून कापला.

तेव्हा कुठं कोर्टाला पाझर फुटला अन् जामीन झाला. वकिलानं मला आदेश वाचून दाखवला, स्वतःच खूश होऊन. त्यात कारण दिलं होतं: अर्जदाराचा एक पाय कापलेला असल्यामुळे तो पळून जाण्याची शक्यता दिसत नाही.