सरळ केलेली तार

जळगावातल्या आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पडद्यावर पेशंटचं स्वरयंत्र लख्ख दिसत होतं आणि माझी श्वासाची नळी दरवेळी त्याच्या खाली घसरत होती. टेबलावर सावद्याचे एक जाड मानेचे केळीव्यापारी, मीच भूल दिलेले.

"दिसतंय ना डॉक्टर, मग घाला की!" सर्जन म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. दिसलं म्हणजे पोचलं असं होत नाही. घसा बघायच्या या नव्या, कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपचं पातं चांगलंच वाकडं असतं, म्हणून नळीला आकार देणारी आतली तारही तेवढीच वाकवावी लागते. सकाळी मी स्वतः वाकवून ठेवलेली तार आता काठीसारखी सरळ होती.

नळी काढली, मास्कने श्वास दिले, तार पात्याला लावून वाकवली. नळी लगेच आत गेली.

ऑपरेशन संपताच मी सिस्टरवर तुटून पडलो. "माझ्या तारेला हात कुणी लावला?"

"मी लावला, सर. हा नवा कॅमेरा आपल्याकडे यायच्या आधी तार जरा वाकडी दिसली की तुम्ही ट्रे भिरकावायचात. तेव्हापासून रोज सगळ्या तारा सरळ करते."

तिच्या हातात तोच ट्रे होता. त्याचा एक कोपरा चेपलेला होता.