काकूंचं स्वस्तिक आणि ट्रान्सपाँडरचा अँटेना

मंडळी, आज शुक्रवार, म्हणजे इथे आखातात सुट्टी. सकाळी साडेनऊला मी माबेलातल्या शेडमध्ये विमानाखाली उताणा पडून जागा मोजत होतो.

विमान मोहनकाकांचं. सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी राबून त्यांनी ते स्वतः बांधलंय, मी मदतीला. आज ट्रान्सपाँडरचा अँटेना बसवायचा होता. विमान कुठे आहे, हे त्याच्यामुळे टॉवरला कळतं.

पुढे लावला तर इंजिनाच्या धुराची काजळी धरते. सीटखाली लावला तर लहरी थेट काकांना लागतील. चाकाजवळ सिग्नल अडतो. पोटाच्या मागच्या बाजूला एकच जागा उरली, आणि नेमकं तिथेच काकूंनी दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं.

काका हळूच म्हणाले, "चार बोटं पुढे सरकव. मी टॉवरला घाबरत नाही, हिला घाबरतो."

"काका, मग चाक आड येतं."

तेवढ्यात काकू पोह्यांचा डबा घेऊन आल्या. मी चाचरत सगळं सांगितलं.

"तो लावला की हे वर कुठे आहेत ते खाली कळणार?"

"हो, काकू."

"मग पाड भोक. स्वस्तिक काढताना मी तेवढंच मागितलं होतं, की यांच्याकडे कोणाचं तरी लक्ष असू दे."

ड्रिल मशीन मात्र काकांनीच हातात घेतलं.

अँटेना बसल्यावर काकूंनी वाकून त्यालाही कुंकू लावलं. कुंकवाने सिग्नल अडतो का? नक्की माहीत असेल त्यानेच सांगा. पुसायला काका तयार नाहीत, आणि माझीही हिंमत नाही.