एकच बटण

घाटकोपरला बटणांच्या एका घाऊक पेढीत मी चौदा वर्षं ऑर्डरी लिहून घेतल्या. तिथे गिऱ्हाईक म्हणजे फोनवरचा आवाज. "पांढरं, चार भोकांचं, पन्नास ग्रोस." ग्रोस म्हणजे बारा डझन. एवढं बोलून तो फोन ठेवायचा. यावरून मी ठरवलं की आपल्याला धंदा कळतो, आणि नोकरी सोडून मुलुंडला बटणांचं छोटंसं दुकान टाकलं. शेठ म्हणाले, "ताई, किरकोळीत गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहतं." मला वाटलं, मी सोडून जातेय म्हणून वाईट वाटतंय त्यांना.

पहिल्याच दिवशी एक काकू आल्या. हातात नवऱ्याचा चॉकलेटी शर्ट, त्याचं वरून तिसरं बटण गायब.

"असंच एक द्या."

"एकच?"

"पडलंय एकच, तर किती घेऊ?"

माझा चौदा वर्षांचा अनुभव इथे संपला.

मी सतरा डबे उघडले. एक बटण मोठं, एक फार चकचकीत, एकाला दोनच भोकं. अखेर एक जमलं. काकूंनी ते बाहेर उन्हात नेऊन पाहिलं, फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तो मीटिंगमध्ये होता, म्हणून आम्ही दोघी त्याच्या उत्तराची वाट बघत बसलो. एका बटणासाठी एवढी मोठी समिती मी पहिल्यांदाच पाहत होते. संध्याकाळी काकू परत हजर.

"घरी ट्यूबलाइटमध्ये काळं दिसतंय हो."

मी वैतागून म्हटलं, "काकू, सगळीच बदलू या का? निदान एकसारखी तरी दिसतील."

"हे सकाळीच का नाही सुचलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "आणि लावूनही द्या ना. सुईत दोरा ओवायला दिसत नाही मला."

मी सातही बटणं शिवली. तोवर काकू स्टुलावर बसून सुनेच्या स्वयंपाकाबद्दल सविस्तर बोलल्या. लाखो बटणं विकून मला कुणाच्या घरातली आमटी कशी होते ते कधी कळलं नव्हतं. खरं सांगते, बरं वाटलं. त्यांना मात्र तसं दाखवलं नाही.

आठवड्याभरात त्यांच्या अख्ख्या सोसायटीचे शर्ट माझ्या काउंटरवर येऊन पडले. एका आजोबांनी तर, कुठलं बटण तुटलंय तेही मलाच शोधायला सांगितलं. मी शोधलं. बाहीचं होतं.