पहिल्या सहीची जागा

गेल्या दिवाळीत फोनवर तुमच्यापैकी धाकटीने मला विचारलं होतं, "आजी, तिथे मुसलमान लोकांना त्रास देतात हे खरं आहे का?" तिकडच्या कुठल्याशा वर्तमानपत्रात तिने वाचलं होतं. मी म्हटलं, "अगं, लांब कुठेतरी होत असेल. आपल्या रत्नागिरीत तसं काही नाही." आणि लगेच तिकडे थंडी किती पडली ते विचारलं.

ते उत्तर खोटं होतं. खरं काय ते लिहायला मला इतके महिने लागले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण मी शिकले इंग्रजी शाळेत, नोकरीत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिली, त्यामुळे माझं इंग्रजी फार नीटनेटकं आहे. त्यात ही गोष्ट उगाच बरी दिसली असती. अडेल तिथे बाबांना विचारा.

आपल्या कॉलनीच्या तोंडाशी फणसाखाली जांभ्या दगडाचा बुटका कट्टा आहे. तुम्ही लहानपणी त्यावरून उड्या मारायचात. रोज सकाळी नऊच्या सुमारास तिथे एक मासेवाली बसायची. तुम्ही तिला पाहिलं आहे. थोरल्याला तिने एकदा जिवंत खेकडा हातात धरायला शिकवलं होतं. ती खाडीपलीकडच्या मुसलमान मोहल्ल्यातली. तिच्या आधी तिची सासू त्याच कट्ट्यावर बसायची. तुमचे बाबा जन्मले तेव्हा मला बाळंतपणात मुडदुशे त्या सासूने आणून दिले. आजोबांच्या शेवटच्या आजारात ते सुनेने आणले. मुडदुशाला काटा मऊ, म्हणून आजाऱ्याला तोच द्यायचा.

तिच्या कामाची एक पद्धत होती. कुठल्या घरी कुठल्या वारी मासे चालत नाहीत हे तिला तोंडपाठ होतं. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार. समोरच्यांकडे मंगळवार आणि चतुर्थी. डॉक्टरांकडे श्रावण कडक, पण गौरी गेल्या की त्याच दिवशी. मी एकदा गडबडीत सोमवारी पिशवी घेऊन खाली गेले, तर तिने पाटीवर फडकं ओढलं आणि म्हणाली, "बाय, आज तुमचा सोमवार. साहेब वरून बगतायत." आजोबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आम्ही दोघी हसलो.

मग काळ बदलला. एका दिवसात नाही बदलला. आधी मोबाइलवर निरोप येऊ लागले. कॉलनीचा ग्रुप पाणी कधी येणार हे कळवण्यासाठी केलेला, त्यात कुणाकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये याच्या याद्या यायला लागल्या. ज्यांनी त्या पाठवल्या ती माणसं वाईट नव्हती. मी पडले तेव्हा त्यांतल्याच एकाने मला दवाखान्यात नेलं होतं. बाजारातल्या एका जुन्या मुसलमान शिंप्याच्या दुकानाची काच फुटली, तेव्हा मी भाजी घेत होते. भाजीवाली म्हणाली, "काच काय, नवी बसते," आणि मेथीची जुडी झटकून मला दिली. मीही ती घेतली आणि घरी येऊन निवडली. सगळं असंच चाललं होतं. कुणी हात उगारत नव्हतं आणि कुणी आडवा हातही घालत नव्हतं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ती पुन्हा कट्ट्यावर येऊन बसली आणि पुढच्याच रविवारी आमच्या रहिवासी मंडळाची बैठक झाली. मंडळाची सेक्रेटरी मी. दुसऱ्या कुणाला फायली ठेवायचा उत्साह नाही म्हणून बरीच वर्षं मीच आहे. अध्यक्ष म्हणाले, "मासळीचा वास येतो. कुत्री जमतात. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "वास तर तिच्या सासूपासून येतोय."

"काकूंना सौंदाळ्यांच्या कालवणाची काळजी," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. मीही थोडी हसले. हसणं चालू असतानाच ठराव झाला की आवारात मंडळाच्या परवानगीशिवाय कुणी विक्री करायची नाही. अक्षर चांगलं म्हणून तो मी वहीत लिहिला आणि सवयीने खाली 'सर्वानुमते मंजूर' असंही लिहिलं. तसं लिहायचीच पद्धत आहे.

फलक लागला त्या दिवशी ती जिना चढून वर आली. दारात उभी राहिली.

"बाय, ही परवानगी कोण देतो?"

"मंडळ."

"म्हंजे तुमीच की."

"मी एकटी नाही गं."

"मग सगल्यांना सांगा. माजा कट्टा गेला तर मी बसू कुठं? जेटीवर जागा वाटून झाल्यात. तिथं मला कोण बसवून घेतो?"

मी तिला अर्ज करून देते म्हणून सांगितलं. तिचे अर्ज मीच लिहीत आले होते. रेशनकार्डाचा, मुलीच्या शाळेचा, नवरा बोटीवर बुडाला तेव्हाचा. हाही लिहिला. 'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी' अशी सुरुवात केली. सदर महिला कित्येक वर्षं या जागी बसत आहे, तिच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही, तिला परवानगी असावी. एक पान, समास सोडून, सुवाच्य. तिला वाचून दाखवला. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरोबर हाय सगला."

आता सह्यांचं. आपल्याकडे पालखीला खांदा देण्यापासून पंगतीच्या पहिल्या पानापर्यंत प्रत्येक गोष्टीचा मान ठरलेला असतो. कागदाचंही तसंच. पहिली सही वडीलधाऱ्याची, ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याची. ती झाली की खालच्या आपोआप होतात. कॉलनीत हा मान आमच्या सरांचा, निवृत्त मुख्याध्यापकांचा. म्हणून मी पहिली ओळ त्यांच्यासाठी कोरी ठेवली. दुसरी डॉक्टरांची. सेक्रेटरीची सही नियमाप्रमाणे सर्वांत शेवटी, म्हणून माझीही जागा पानाच्या तळाशी कोरीच होती.

सरांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "उत्तम लिहिलंय. आजकाल असं कोण लिहितं?" मग एके ठिकाणी पेनाने स्वल्पविराम घातला आणि पेनाला टोपण लावलं. "पण वहिनी, मी पहिला कशाला? डॉक्टरांची घ्या. त्यांच्याकडे सगळ्या समाजाचे पेशंट येतात. त्यांना शोभेल."

डॉक्टर दवाखान्यात निघाले होते. "सरांची झाली?"

"नाही अजून."

"मग सरांच्या आधी मी? बरं दिसतं का ते काकू? त्यांची होऊ दे, मी डोळे मिटून करतो."

मी पुन्हा सरांकडे गेले. त्यांनी चहा दिला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते हं." ह्यांनी सांगितलं, मुलगा सरकारी नोकरीत आहे, उगाच कुणाच्या डोळ्यावर नको. कोपऱ्यावरच्या घरात मला शेंगदाण्याचे लाडू मिळाले. एकूण अकरा घरं फिरले. एकाही घरात तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही. "बिचारी चांगली आहे हो," हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. कुणी कागद फाडला असता तर मी भांडले असते. भांडायला कुणी सापडलंच नाही. कागद तसाच घरी आला, एका जादा स्वल्पविरामासकट.

तोवर ती कट्ट्यावर बसतच होती. अर्ज होतोय ना, मग बसायला काय हरकत, असं तिला वाटत असावं. मीच तिला तसं म्हटलं होतं.

एका बुधवारी सकाळी मोटरसायकलवरून दोघे जण आले. आमच्या कॉलनीतले नव्हते. मी खिडकीतून पाहत होते. एकाने तिला काहीतरी विचारलं, नाव असावं. तिने सांगितलं. त्याने पायाने पाटी उलटी केली. बांगडे रस्त्यावर पसरले. दुसरा मोबाइलवर चित्रण करत होता. ती उठली नाही. दोन्ही हातांनी कोयता मांडीखाली ओढून त्यावर बसून राहिली. का, ते मला नंतर कळलं. तिच्या हातात कोयता दिसला असता तर चित्रणात वेगळंच दिसलं असतं.

सगळ्या खिडक्यांत माणसं होती. मी ओरडले नाही. मी गाऊनमध्ये होते आणि गाऊनवर मी कधी खाली उतरत नाही. म्हणून मी आत गेले, साडी नेसले, निऱ्या नीट केल्या, चपला घातल्या आणि जिना उतरले. तोवर ते गेले होते. खिडक्याही मिटल्या होत्या. डॉक्टरांची गाडी मासळी चुकवत, कडेकडेने, हळू बाहेर पडली.

ती मासे गोळा करत होती. मी वाकून दोन-चार उचलले.

"बाय, तुमी कशाला उतरलात? साडी खराब होल."

मी आणखी एक बांगडा पाटीत ठेवला. मग तिनेच विचारलं, "तो कागद झाला?"

"होतोय," मी म्हटलं.

त्यानंतर ती आली नाही. मी अध्यक्षांकडे गेले आणि पोलिसांत कळवू या म्हटलं. ते म्हणाले, "आपल्या आवाराच्या बाहेर घडलंय ते काकू. कट्टा तसा रस्त्यात येतो." ज्या कट्ट्यावर बसायला आमची परवानगी लागत होती तो, तिची पाटी उलटली तेव्हा, रस्त्यात आला होता. हे मी त्यांना म्हटलं नाही, घरी आल्यावर मनात म्हटलं. एकटी पोलिसांत गेले नाही. ग्रुपवर त्या दिवशी पाण्याची वेळ बदलल्याचा निरोप तेवढा आला.

पंधरा दिवसांनी कट्ट्यावर दुसरी मासेवाली बसायला लागली. आपल्यातली. तिने परवानगी मागितली नाही आणि तिला कुणी विचारली नाही. फलक तिच्या डोक्यावर आहे. तीच पाटी, तोच वास, तीच कुत्री. अध्यक्ष तिच्याकडून सुरमई घेतात. गरीब बाई आहे, तिचा काही दोष नाही. पहिल्याच सोमवारी तिने माझी बेल वाजवली आणि म्हणाली, "काकी, ताजे हायत." तिला कोण सांगणार?

मध्ये एकदा बाबांचा फोन आला होता. बसमध्ये कुणीतरी त्यांना 'तुमच्या देशात परत जा' म्हणालं आणि भरलेल्या बसमधलं कुणीही काही बोललं नाही. मी आठवडाभर त्या बसमधल्या माणसांवर चिडले होते. आता ती मला ओळखीची वाटतात. त्यांतली एखादी बाई साडी नेसायला आत गेली असेल.

या मार्चमध्ये मी तिला शोधत जेटीवर गेले. ती बाजाराच्या अगदी टोकाला, बर्फाचं पाणी वाहून येतं तिथे, दुसऱ्या कुणाचे मासे साफ करून देत बसली होती. मला पाहून म्हणाली, "या मॅडम." इतक्या वर्षांत तिने मला मॅडम म्हटलं नव्हतं.

मी विचारलं, "घरी का येत नाहीस? मागच्या बाजूने ये हवं तर, तिकडून कुणी बघत नाही."

तिने कोयत्यावरचे खवले पुसले. "मागल्या दारानं माजी सासू पन कदी आली नाय."

मी तिथेच उभी होते. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाचे मासे करून दिले, मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तो कागद लय बरा लिवलेलात," ती म्हणाली. "आज तुमचा गुरुवार. पिशवी कशाला आनलीत?"

कागद माझ्याकडे आहे. मंडळाच्या फायलीत, तारखेप्रमाणे लावलेला. तुम्ही विचाराल, आजी, पहिली सही तूच का नाही केलीस? मी स्वतःला हे बरंच विचारलं आहे. सरांचा मान होता, सेक्रेटरीची सही शेवटी असते, हे सगळं खरं आहे. आणि ते खरं होतं म्हणून मला किती सोयीचं गेलं, हेही खरं आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी मी फाईल काढली आणि पहिल्या ओळीवर माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली बाकीच्या ओळी तशाच कोऱ्या आहेत. तो कागद द्यायचा कुणाला ते कळेना, म्हणून परत फायलीत लावला.

परवा वार्षिक बैठक झाली. मी सेक्रेटरीपद सोडते म्हटलं. कुणी ऐकलं नाही. "काकू, तुमच्यासारखं नीट कोण ठेवणार?" म्हणाले. ती निवडही सर्वानुमते झाली. ते मीच वहीत लिहिलं.