जगाची हवा सुधारायला नाशिकला

हवामान बदल रोखण्यासाठी शहरांनी काय करावं, हे ठरवायला नाशिकला बैठक होती. परदेशातल्या शहरांची माणसं येणार होती आणि आमच्या छोट्या शहरातून नगरपालिकेचे अभियंता, म्हणजे आमचे अहो. मी गेले ती निव्वळ मिसळीसाठी.

पुण्याहून एसटीची विजेवरची बस घ्या. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे अहोंना त्यांच्या पूर्ण तिकिटाची आठवण करून देण्यात माझा वेळ छान गेला. निघा मात्र पहाटे, नाहीतर चाकणच्या कोंडीतच मुक्काम पडेल. अहो वाटभर भाषण पाठ करत होते. नगरपालिकेतल्या त्यांच्या साहेबांनी लिहून दिलेलं: आमचं शहर लवकरच धूरमुक्त होणार! मोठं बोला, तरच परदेशी शहर आपल्याला हात देईल, अशी ताकीदही होती. खरं म्हणजे आमचा कचरा डेपो सारखा पेटतो आणि सासूबाईंचा दमा उसळतो. मदत आम्हाला हवीच होती.

नाशिकला द्वारका चौकात रिक्षा अडकली. अहोंनी रिक्षावाल्याला बैठकीचं महत्त्व समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "जगाचं बघू साहेब, आधी हे द्वारका तर सुटू द्या."

मुक्काम गंगापूर रोडला. सकाळी काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली, सोबत पापड आणि दही. दही आधीच संपवू नका, शेवटी तेच वाचवतं.

बैठक म्हणजे लग्नाची बोलणी. एका शहरानं झाडं कबूल केली की दुसरं त्याहून जास्त करायचं. अहोंची पाळी आली. त्यांनी भाषण उघडलं आणि पुन्हा खिशात घातलं.

"आमचा डेपो जळतो," ते म्हणाले. "तो कसा विझवायचा, तेवढं शिकवा. बाकीची वचनं नंतर देतो."

मला साहेब आठवले आणि अभिमानही वाटला. दुभाष्यानं सांगितल्यावर एक परदेशी बाई हसल्या. त्यांच्या शहराचा डेपोही वर्षानुवर्षं जळायचा म्हणे. पैशांचं काहीच ठरलं नाही, पण महिन्याभरात स्वतः येऊन बघते म्हणाल्या.

घरी परतलो. नाशिकचे मनुके दोन दिवसांत संपले. साहेब अजून अहोंशी बोलत नाहीत आणि डेपो पेटलेलाच आहे. काल खिडक्या लावता लावता अहो म्हणाले, "त्या येतील तेव्हाही असाच धूर असला तर?"

"असू दे," मी म्हटलं. "त्यांना जेवायला आपल्याकडेच बोलवू. साहेबांनाही. आणि खिडक्या उघड्या ठेवू."