दगडूच्या वाट्याचा मणी

गाव सोडलं त्या सकाळी देऊळगाव राजाच्या स्टँडवर माझा धाकटा भाऊ दगडू मला बसवून द्यायला आला होता. बस लागली तशी त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या मुठीत कोंबली. आत सोन्याचा बारका मणी. आमच्या मायनं जाण्याआधी डोरल्यातले दोन मणी सोडवून आम्हा भावांना एकेक दिला होता. माणूस जायला लागला की आमच्याकडे त्याच्या तोंडात पाणी घालतात अन् सोन्याचा कण ठेवतात. ते मणी त्यासाठी.

"भाऊ, दोन्ही तुह्याजवळच राहू दे. घरात उंदरं लय झाले."

"अन् तूच आधी गेला त? बिड्या फुकू फुकू जाशीनच बे तू."

"मंग ये मणी घेऊन. बस काई बंद हाये का?"

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही मागून म्हणाले की म्हातारा हरला अन् पोरीच्या घरी गेला. हरलो नाही. दोन वर्षं बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली, गुडघ्यांनी साथ सोडली, अन् दोन घरांचं पोट आमच्या बीबी गावच्या वावरात भरंना. एकानं निघायचं होतं. मी मोठा, मी निघालो.

त्याच कपाशीत मी पहिल्यांदा ती तपासायची पट्टी पाहिली. शेतकीचा साहेब आला, कपाशीचं पान कुटून पाण्यात कालवलं अन् कागदाची पट्टी त्यात बुडवली. दोन लाल रेघा उमटल्या. "बियाणं अस्सल बीटी आहे, अळी खाईल तर मरेल, काळजी नको," म्हणाला. दगडूनं बोंड फोडून गुलाबी अळी त्याच्या तळहातावर ठेवली. "साहेब, इलेबी दाखवा ना तुमच्या रेघा. इले वाचता येत नसंन." आम्ही पोट धरून हसलो. पण रेघ खरी होती अन् अळीही खरी होती. वावर हातचं गेलंच.

पुण्यात लेकीच्या, म्हणजे सुनीच्या, फ्लॅटमध्ये आलो. लिफ्टनं वर जायचं, गॅलरीतून गाड्या पाहायच्या. सुनी आजार ओळखायच्या पट्ट्यांच्या कारखान्यात शिफ्टला जाते. एकदा म्हणाली, "बाबा, त्या पट्टीतली लाल रेघ सोन्याची असते."

"सोनं पिवळं असते. मले शिकवू नको."

"लय बारीक केलं, डोळ्याले दिसणार नाई इतकं, की लाल दिसते."

चौथी शिकलेला माणूस मी, आठवडाभर मानलं नाही. मग तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. बाटलीत लाल पाणी, जांभळाच्या रसासारखं. म्हणे हेच सोनं. त्या कणांना आजाराचा विषाणू चिकटतो, दोघं मिळून पट्टीवर सरकतात अन् एका जागी अडकतात. तिथं गर्दी झाली की रेघ दिसते. दुसरी रेघ पट्टी नीट चालली एवढं सांगायला.

मग ती साथ आली. बस बंद झाल्या. सुनी डबल शिफ्ट करून पट्ट्या बनवायची, अन् तिकडे गावात दगडू तापानं फणफणला. त्याचा नमुना आधी जिल्ह्याला गेला, निकाल येईचना. मी सुनीवर ओरडायचो, एक पट्टी पाठव त्याले. ती डोळे पुसून म्हणायची, "कशी पाठवू बाबा? कोण नेईन?" शेवटी सरकारी दवाखान्यात पट्ट्या पोचल्या. दगडूचा फोन आला. दम लागत होता, तरी हसत होता.

"भाऊ, उमटली रेघ. चाय उकळस्तोवर निकाल! तुह्या पोरीची कमाल हाये."

"आता काय म्हन्ते डाक्टर?"

"मोठ्या दवाखान्यात ने म्हन्ते. खाट पाहून राह्यले."

खाट मिळाली नाही. गाडी एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिली, अन् दगडू त्या गाडीतच गेला. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. बायकोला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही, पाणी घालायचं तर दूरच. मी इकडे खिडकीत, मुठीत दोन मणी धरून बसलो होतो. खाली रस्ता रिकामा, अन् मला त्यावर पाय टाकायची मनाई.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलोय. त्याच्या नाकातलं पाणी त्या पट्टीवर पडलं, म्हणजे सोन्याला लागलं. तेवढं सोनं त्याला भेटलं. सुनी म्हणते, "बाबा, ती पट्टी आमच्याच कारखान्याची कशावरून?" मी तिला गप्प बसवतो. कुणाचं का असेना, सोनंच होतं ना.

माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्ही विचारता, घर कोणतं, हे की ते? ज्याच्या तोंडात मी मणी ठेवायचा अन् माझ्या तोंडात ज्यानं, त्याच्याजवळ माझं घर होतं. आता सुनीला सांगून ठेवलंय, माझ्या वेळी एकच मणी काढ. दुसऱ्याला हात लावू नको. तो दगडूचा आहे.