दुकानाने पाठवलेलं अठरावं वर्ष

आमच्या गल्लीत वाढदिवस करायची रीत नव्हती, पण कागदावर सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला. कसं ते सांगते. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आपण सांगायचं, कापसाची वेचणी चालू होती, नाहीतर आखाजीच्या सणाच्या मागेपुढे. गुरुजी एक जून टाकून मोकळे. वर्षही आपल्या सोयीचं. माझ्या मुलीचं वय तर मीच दीड वर्ष वाढवून सांगितलं. थोरला शाळेत जायला लागला तशी ती त्याच्यामागे रडत पळायची आणि मला शेतात जायचं असायचं. गुरुजींना म्हटलं, घ्या हिलाही. त्यांनी घेतली. पुढे ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

माझं माहेर असोद्याचं, सासर धुळ्याजवळच्या खेड्यात. लुगडं, साडी, पोरांचे कपडे, सगळं धुळ्यातल्या एकाच दुकानातून यायचं. नव्वदनंतर त्या दुकानात कम्प्युटर आला. एकदा साडी घेतली तर गल्ल्याजवळच्या मुलीने एक फॉर्म पुढे केला. दोऱ्याने बांधलेलं पेन होतं. नाव, पत्ता, घरात माणसं किती, मुलामुलींच्या जन्मतारखा. ती म्हणाली, "भरा ना काकू, वाढदिवसाला शुभेच्छा येतील." खरं सांगू, मला बरं वाटलं. मला कुणी कधी कसला फॉर्म भरायला दिला नव्हता, सह्या सगळ्या ह्यांच्या असायच्या. मी तिथल्या पाटावर बसून सगळा भरला, सुवाच्य अक्षरात. तारखा शाळेच्या दाखल्यातल्या टाकल्या. दुसऱ्या कुठल्या टाकणार?

गल्लीतल्या बायांना मीच सांगितलं, त्यांनीही भरले. पुढच्या एक जूनला पोस्टमन पत्रांचा गठ्ठाच घेऊन आला. म्हणाला, "अख्ख्या गल्लीचं बाळंतपण एकाच दिवशी झालं का काय?" आम्ही पोट धरून हसलो. पण पत्रं सगळ्यांनी जपून ठेवली, देवघराच्या फळीवर. छापील अक्षरात आपल्या पोराचं नाव. मग दुसऱ्या दुकानात पाय टाकायला लाज वाटायला लागली. आपल्याला ओळखणारं दुकान सोडून कुठे जायचं? आधीचे शेटही ओळखायचे, पण ते तोंडाकडे बघून ओळखायचे. पोर समोर उभी असली की म्हणायचे, अजून लहान आहे, फ्रॉकच घ्या.

मुलगी बारावी झाली त्या वर्षी पत्र निराळं आलं. "आपल्या कन्येने अठरावे वर्ष पूर्ण केले. हार्दिक अभिनंदन. शुभकार्याच्या बस्त्यासाठी आमच्याकडे खास सवलत." बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. पत्र पडलं माझ्या जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या हातात. त्यांना सगळे आबा म्हणायचे. ओट्यावर बसून त्यांनी मोठ्याने वाचलं आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "पोर अठरानी व्हई गयी, आन् तुम्ही आम्हले सांगं बी नही?"

हे म्हणाले, "अजून शिकते आहे, आबा."

"दुकानवालासले समजनं, आपलेच नही समजनं. मशीनमा छापेल शे, खोटं कसं ऱ्हाई?"

मी दाराआड उभी होते. आमच्याकडे जेठाशी भावजय बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं असेल तर नवऱ्यामार्फत. वीस वर्षांत मी आबांशी एक शब्द बोलले नव्हते, भांडण म्हणून नव्हे, रीतच तशी. माझं बोलणं ह्यांच्या तोंडून जायचं आणि पोचेपर्यंत निम्मं व्हायचं. रात्रीच्या भाकरी वाढताना मी ह्यांना सांगितलं, पोर साडेसोळाची आहे, आबांना सांगा. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सांगितलं, "तिची आई म्हणते, पोर लहान आहे." आबा म्हणाले, "आईले पोर लहानच दिसस."

आबांच्या बघण्यात एक स्थळ होतं. मुलीला शिरपूरला औषधांच्या कोर्सला जायचं होतं. तिने फॉर्म आणून ठेवला होता, फक्त वडिलांची सही राहिली होती.

मला वाटलं, कागदाने जे सांगितलं ते कागदानेच मागे घ्यावं. मी एकटी एसटीने धुळ्याला गेले. कम्प्युटर काचेच्या खोलीत होता, चपला बाहेर काढायच्या, आत गारठा. तिथल्या माणसाने माझं नाव टाकलं तशी हिरवी अक्षरं उमटली. मी कोणत्या वर्षी काय घेतलं, सगळं. तो चांगला माणूस होता. माझं ऐकून घेतलं, खरी तारीख टाकली आणि म्हणाला, "झालं काकू. आता दीड वर्षाने पत्र येईल."

"मला आत्ता पाहिजे. पोर लहान आहे, आधीचं पत्र चुकून गेलं, एवढंच लिहून द्या."

तो म्हणाला, "तसं पत्र यात नाहीये, काकू. वाढदिवसाचं आहे, दिवाळीचं आहे, बस्त्याचं आहे."

मी चपला घातल्या आणि स्टँडवर आले. रडू वगैरे आलं नाही. शेजारच्या बाईने किती वाजले विचारलं, ते मी सांगितलं.

जुलैत शिरपूरची मुदत गेली. मुलीने फॉर्म घडी करून ठेवला. एके दुपारी गहू निवडताना तिने विचारलं, "आई, मी खरी किती वर्षांची?"

"साडेसोळा."

"कुणाला सांगितलंस?"

"तुझ्या वडिलांना."

"आणि आबांना?"

मी खडे वेचत राहिले.

दिवाळीनंतर बस्ता काढायला आम्ही सगळे त्याच दुकानात गेलो. सवलत होती ना. आबा गादीवर लोडाला टेकून बसले, चहा आला. गल्ल्यावरच्या मुलीने आमच्या नावाचा कागद आणला, आम्ही कोणते रंग नेतो ते त्यात होतं, आणि त्याप्रमाणेच साड्या खाली उतरल्या. माझी मुलगी दाखवतील त्याला मान हलवत होती. तेवढ्यात काचेच्या खोलीतला तो माणूस बाहेर आला. त्याने मला ओळखलं. म्हणाला, "काकू, तुमच्या मुलीची तारीख मी दुरुस्त केली होती हं. एवढ्यात बस्ता?"

आबांनी कप खाली ठेवला. "कशानी तारीख?" विचारलं ह्यांना, पण मुलगी माझ्याकडे बघत होती. आबा माझ्यापासून चार हातांवर होते. मला तोंड होतं. मी पदर पुढे ओढला आणि ह्यांच्याकडे बघितलं.

हे म्हणाले, "काही नाही आबा, पत्त्यात चूक होती."

आबांनी कप उचलला. दुकानदाराने पुढची घडी उलगडली, डाळिंबी रंगाची, जरीकाठाची. मुलीने माझ्यावरची नजर काढली, साडीवरून हात फिरवला आणि दुकानदाराला म्हणाली, "हीच राहू द्या. बाकीच्या नका दाखवू."